फुल एचडीचं लग्न डीव्हीडीत उतरवताना

प्रश्न : "दादा, मी फुल एचडीत लग्नं शूट करतो. टाइमलाइनवर चित्र आरशासारखं दिसतं. डीव्हीडी करून टीव्हीवर लावली की मात्र धुरकट. वरातीत माणसं थरथरतात, साडीच्या काठावर किडे चालल्यासारखे दिसतात आणि नावांच्या पट्ट्या लुकलुकतात. आमच्या गडहिंग्लज-आजऱ्याकडं घरची मोठी माणसं अजून डीव्हीडीच मागतात. क्वालिटी टिकवायची कशी? का डीव्हीडी म्हटल्यावर एवढं जाणारच?"

भावा, एवढं जात नाही. थोडं जातं, ते आधी मोजून घेऊ. फुल एचडीच्या एका फ्रेममध्ये १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके. आपल्याकडच्या पाल (आपल्याकडची टीव्हीची पद्धत, सेकंदाला २५ फ्रेम) डीव्हीडीत ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२०. बरोबर पाचपट फरक. पाच ठिपक्यांचा एक करायचा म्हटल्यावर बारकावा कमी होणार, त्यावर इलाज नाही. पण तू चार तक्रारी सांगितल्यास, त्यातली फक्त पहिली डीव्हीडीच्या खात्यावर जाते, आणि तीसुद्धा अर्धीच. थरथर, किडे आणि लुकलुक ही आपल्या मिक्सिंगवाल्यांची, म्हणजे एडिटिंग करणाऱ्यांची कमाई आहे.

पडताळून बघायचं असेल तर ओळखीच्या एखाद्या घरातनं जुन्या काळची, पॅनासोनिकच्या एमडी-१०००० कॅमेऱ्यानं मिनीडीव्ही टेपवर शूट केलेली लग्नाची डीव्हीडी आण. त्याच प्लेअरवर, त्याच टीव्हीवर आधी ती लाव, मग तुझी. तुझी जास्त चांगली दिसायला पाहिजे. पाच ठिपक्यांची सरासरी काढताना हॉलच्या अंधारात चित्रावर उठणारे दाणे (नॉइज) आपोआप दबतात, आणि एचडीतली रंगाची माहिती डीव्हीडीला लागते त्यापेक्षा किती तरी जास्त असते. एवढा माल हातात असून तुझी डिस्क टेपवाल्या डिस्कपेक्षा वाईट दिसत असेल, तर कॅमेरा आणि डिस्क यांच्या मध्ये कुठं तरी गळती आहे.

माझी गळती कुठं होती ते सांगतो. एचडीव्हीचा, म्हणजे टेपवर एचडी घेणारा कॅमेरा नवीन घेतला होता, पहिलाच सीझन. माझ्या मशीनला एचडी झेपत नव्हतं म्हणून जुन्या डीव्हीच्या प्रोजेक्टमध्येच क्लिपा टाकून बावड्यातलं एक लग्न मिक्स केलं. मॉनिटरवर सगळं झकास. डिस्क द्यायला गेलो, त्यांनी चहा ठेवला आणि लगेच लावली. वरात आली, हलगी सुरू झाली, आणि नाचणारी माणसं पुढं-मागं, पुढं-मागं. मुलीची आत्या म्हणाली, "ही सगळी थंडीनं कुडकुडाय लागल्यागत का दिसत्यात?" मी चहा तसाच ठेवून डिस्क परत घेऊन आलो.

झालं होतं असं. इंटरलेस शूटिंगमध्ये एक फ्रेम म्हणजे दोन अर्धवट चित्रं असतात. एकात १, ३, ५ अशा ओळी, दुसऱ्यात २, ४, ६. दोन्ही वेगवेगळ्या क्षणांची, मध्ये सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर. कोणतं अर्धं आधी दाखवायचं याला फील्ड ऑर्डर म्हणतात. पाल डीव्ही टेपला खालचं फील्ड आधी, म्हणजे लोअर. एचडीव्ही काय, कार्डवरचं एव्हीसीएचडी काय, एचडीत अपर आधी. माझ्या फाइली अपर, प्रोजेक्ट लोअर. सॉफ्टवेअरनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मग प्रत्येक फ्रेममध्ये नंतरचा क्षण आधी आणि आधीचा नंतर दिसायला लागला. मंगलाष्टकांना सगळे उभे असतात, तिथं काहीच कळत नाही. वरातीत मात्र पितळ उघडं पडतं. तुझी थरथर हीच आहे असं मी छातीठोक सांगतो. डीव्हीडीला अपरही चालतं आणि लोअरही, फक्त फाइलवर जे लिहिलंय तेच आत असायला हवं. तू सगळीकडं अपर ठेव. प्रोजेक्ट, एक्स्पोर्ट, एन्कोडर (चित्र दाबून डीव्हीडीची फाइल बनवणारं सॉफ्टवेअर), तिन्ही ठिकाणी स्वतः बघ, 'ऑटो'वर सोडू नकोस.

फील्ड ऑर्डर बरोबर असूनही एक दुखणं राहतं, आणि त्यात चांगले चांगले अडकतात. १०८० ओळींच्या इंटरलेस फ्रेममध्ये प्रत्येक फील्ड ५४० ओळींचं. डीव्हीडीत प्रत्येक फील्ड २८८ ओळींचं. आता सॉफ्टवेअरनं पूर्ण फ्रेम एक चित्र समजून दाबून लहान केली, तर दोन वेगवेगळ्या क्षणांच्या ओळी एकमेकीत कालवल्या जातात. हात हलला की दोन हात दिसतात, भुतासारखे. नुसतं ५४० चं २८८ केलं तर भूत जातं, पण उभा बारकावा फार मरतो. नीट मार्ग असा की आधी प्रत्येक फील्डचं पूर्ण चित्र तयार करायचं, म्हणजे सेकंदाला ५० पूर्ण फ्रेम होतात. त्या ५० च्या ५० लहान करायच्या. मग त्यांतनं परत एकाआड एक ओळी उचलून २५ इंटरलेस फ्रेम विणायच्या. एव्हीसिंथ नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात क्यूटीजीएमसी हे फिल्टर पहिलं काम करतं, स्प्लाइन३६ लहान करतं, आणि शेवटच्या एका ओळीत विणकाम होतं. शिकायला दोन रविवार लागतील. मशीन रात्रभर चालेल, कारण क्यूटीजीएमसी फार सावकाश असतं. पण साधं एक्स्पोर्ट आणि हे, दोन्ही एका टीव्हीवर शेजारी शेजारी बघितलेस तर परत मागं जाणार नाहीस.

एवढं करायचं नसेल आणि प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये काम करत असशील, तर एचडी सिक्वेन्समधूनच एमपेग-२ (डीव्हीडीची व्हिडिओ दाबायची पद्धत) डीव्हीडी काढ आणि 'मॅक्सिमम रेंडर क्वालिटी'वर टिकमार्क कर. वेळ जास्त लागतो, पण चित्र लहान करायची पद्धत सुधारते. एडियस हे दुसरं एडिटिंग सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी 'बर्न टू डिस्क'चं बटण गडबडीच्या वेळी वापरावं. घाईची डिस्क म्हणून ठीक आहे, चांगली म्हणून नाही.

संगणकावर डीव्हीडीची फाइल लावल्यावर हलत्या माणसांच्या कडेला कंगव्यासारख्या रेषा दिसतात. त्या बघून बरेच जण घाबरतात आणि सगळं डीइंटरलेस करून २५ पूर्ण फ्रेमचं करून टाकतात. रेषा जातात, पण सेकंदाला ५० क्षण होते त्याचे २५ होतात आणि वरात अडखळत चालते. इंटरलेस चित्राला संगणकाच्या पडद्यावर अशा रेषा दिसणारच, टीव्ही आणि प्लेअर त्या आपापल्या परीनं सांभाळतात. फैसला टीव्हीवर बघूनच करायचा.

आता क्रम. कटिंग, रंग, टायटल, आवाज, सगळं एचडीतच पूर्ण कर. एसडी, म्हणजे डीव्हीडीच्या आकाराचं लहान चित्र, ही अगदी शेवटची पायरी, आणि ती एकदाच. आपल्या भागात गुऱ्हाळं आहेत म्हणून तुला लगेच पटेल, रसाचा गूळ होतो, गुळाचा परत रस होत नाही. तरी लोक काय करतात, हळदीची डीव्हीडी वेगळी करतात, लग्नाची वेगळी, आणि हायलाइट मागितला की त्याच डिस्कवरच्या व्हीओबी (डीव्हीडीतल्या दाबलेल्या व्हिडिओच्या) फाइली उचलून परत मिक्स करतात. आधी कॅमेऱ्यानं एकदा दाबलेलं, मग डीव्हीडीसाठी दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. कडांना चौकटी पडल्या म्हणून नंतर डिस्कच्या कंपनीला शिव्या.

दोन सॉफ्टवेअरच्या मध्ये फाइल न्यायची असेल तर ती कमी दाबणाऱ्या कोडेकमध्ये (व्हिडिओ दाबायच्या पद्धतीत) ने. एडियसमध्ये ग्रास व्हॅली एचक्यू आहे, अॅडोबमध्ये डीएनएक्सएचडी किंवा सिनेफॉर्म चालतं, मॅकवर प्रोरेस. जागा खातात. १२० एमबीपीएसची (सेकंदाला १२० मेगाबिट) डीएनएक्सएचडी फाइल तासाला ५४ जीबी होते. हार्ड डिस्क आता परवडते. एच.२६४ ची एमपी४ मधल्या पायरीला वापरू नकोस, ती शेवटी गिऱ्हाइकाला पेन ड्राइव्हवर द्यायची वस्तू आहे. आणि डीव्हीडी ऑथरिंगच्या (मेनू लावून डिस्क तयार करायच्या) सॉफ्टवेअरनं तुझी तयार एमपेग-२ फाइल परत एन्कोड करायला घेतली नाही ना, तेवढं बघ. फाइल नियमात असेल तर त्याला हात लावायचं कारण नसतं. तरी काही सॉफ्टवेअर लावतात आणि सांगतही नाहीत.

काठावरच्या किड्यांचं कारण वेगळं. पैठणीचा जरीकाठ, चौकड्याचा शर्ट, साजाचे मणी, हॉलच्या झालरी, या सगळ्यांत एचडीला दिसणारी नक्षी डीव्हीडीच्या ठिपक्यापेक्षा बारीक असते. लहान करताना सॉफ्टवेअरनं पाचांतला एक ठिपका उचलून बाकीचे टाकून दिले, तर कुठला उचलला जाईल हे कॅमेरा जरा हलला की बदलतं, आणि काठ वळवळायला लागतो. पाचांची नीट सरासरी झाली तर काठ थोडा मऊ दिसतो, पण शांत राहतो. म्हणून लहान करायची पद्धत बायक्युबिक, लँक्झोस, स्प्लाइन अशी काही निवडायची. 'फास्ट' लिहिलेलं नको.

आणि चित्र मऊ वाटतंय म्हणून शेवटी शार्पन मारायचा मोह आवर. इंटरलेसमध्ये एकाच ओळीत मावणारी आडवी रेघ फक्त एका फील्डमध्ये असते, म्हणजे सेकंदाला २५ वेळा येते नि जाते. शार्पन करशील तितकी ती जास्त लुकलुकते. मी तर उलट, फार बारीक आडवी नक्षी असलेल्या शॉटला नखभर उभा ब्लर देतो.

नावांच्या पट्ट्या लुकलुकतात त्या याच कारणानं. हे दुखणं मराठीवाल्यांना जास्त, कारण आपल्या अक्षरांना शिरोरेषा आहे. 'चि. सौ. कां.' लिहिलेल्या नाजूक फॉन्टची शिरोरेषा एचडीवर दोन पिक्सेलची असते. लहान झाल्यावर ती जेमतेम एका ओळीची उरते आणि संबंध नाव डोळे मिचकावत राहतं. ठळक फॉन्ट घे, एचडी टाइमलाइनवर शिरोरेषा ६ ते ८ पिक्सेल जाड असू दे, म्हणजे डीव्हीडीत ती तीन-चार ओळी व्यापेल आणि दोन्ही फील्डमध्ये सापडेल. कडक पांढऱ्याऐवजी जरा मळका पांढरा घे, खाली हलकी सावली टाक. पट्टी कडेला चिकटवू नकोस, जुने टीव्ही चारी बाजूंनी चित्र कापतात. लग्नपत्रिकेचा फोटो स्कॅन करून त्यावर सावकाश झूम करायची फॅशन आहे, तिथंही हेच होतं.

रंगाचं थोडक्यात. एचडीचा रंग लिहायचा नियम रेक. ७०९, एसडीचा रेक. ६०१. रूपांतर न करता नुसतं लहान केलं तर कुंकवाचा लाल जरा मंद पडतो आणि हिरवा चुडा भडक होतो. प्रीमियर, एडियस हे स्वतःच सांभाळतात. एव्हीसिंथमध्ये मात्र तुला सांगावं लागतं. चित्र १६:९ चंच एन्कोड कर, वर-खाली काळ्या पट्ट्या भरून ४:३ करू नकोस, त्यात ओळी फुकट जातात. १६:९ ची खूण करायला विसरलास तर ४:३ मध्ये नवरा-नवरी काटकुळे दिसतील, एवढीच काळजी.

मग बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला किती माल खर्चायचा ते. खरी भांडणं इथं होतात. हिशेब तोंडपाठ कर : ६०० ला मिनिटांनी भाग, उत्तर एमबीपीएसमध्ये. ४.७ जीबीच्या एका डिस्कवर एवढाच माल बसतो. ९० मिनिटांचं लग्न असेल तर ६.६, त्यातनं आवाजाचे ०.२ काढले की चित्राला ६.४. दोन तासांना ४.८. तीन तासांना ३.१, आणि तीन तास एका डिस्कवर मी करत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, "एकाच सीडीत बसवा की," त्याला सीडी आणि डीव्हीडी एकच. त्याला सांगायचं, साखरपुडा नि हळद एका डिस्कवर, अक्षता ते वरात दुसऱ्या. वरची डिस्क किती रुपयांची असते? तीन तास एका डिस्कवर कोंबून एचडी कॅमेऱ्याचं भाडं सांगायला मला तरी लाज वाटते.

वरची मर्यादा चित्राला ९.८ आहे, पण घरी राइट केलेल्या डिस्कला ८ च्या वर नेऊ नकोस. जुने प्लेअर त्यावर अडखळतात आणि फोन तुला येतो. ७० मिनिटांच्या आत असेल तर सरळ एकसारखा ७.५ ठेव, डोक्याला ताप नाही. त्यापेक्षा मोठं असेल तर टू-पास व्हीबीआर, म्हणजे गरजेप्रमाणं कमी-जास्त होणारा बिटरेट. एन्कोडर पहिल्या फेरीत कुठं किती धावपळ आहे ते टिपतो आणि दुसऱ्या फेरीत त्या हिशेबानं माल वाटतो. आवाज पीसीएममध्ये, म्हणजे न दाबता ठेवशील तर तोच दीड एमबीपीएस खाऊन बसेल. डॉल्बी एसी-३, १९२ किंवा २२४ केबीपीएस, सनई-चौघड्याला पुरे.

व्हीबीआरचं महत्त्व कळायला अक्षतांचा शॉट बघ. एमपेग-२ चं सगळं काम यावर चालतं की आधीच्या फ्रेममधला तुकडा या फ्रेममध्ये थोडा सरकला आहे. नवरा मान वळवतो, तुकडा सरकला, दोन-चार आकड्यांत काम झालं. पण 'शुभमंगल सावधान' झालं की शेकडो दाणे शेकडो दिशांना उडतात, त्याच क्षणी दहा फोटोग्राफर फ्लॅश मारतात, म्हणजे पूर्ण फ्रेम एका क्षणापुरती पांढरी. कुठलाच तुकडा कुठनं सरकला म्हणायला जागा नाही, सगळं नव्यानं लिहावं लागतं. म्हणजे लग्नातला सगळ्यात मोलाचा क्षण हाच एन्कोडरला सगळ्यात जड. जोतिबाच्या चैत्र यात्रेचं शूटिंग केलं असशील तर याचा बाप तू बघितला आहेस. सासनकाठ्या नाचतात, वर गुलालाचा ढग, प्रत्येक कण वेगळा, आणि डिस्कवर बघावं तर सगळीकडं गुलाबी चौकटी. तिथं सरासरी ६ च्या खाली मी उतरत नाही.

म्हणून जिथं गरज नाही तिथं बिटरेट वाचवायला शीक. ट्रायपॉड वापर. हातात धरलेला कॅमेरा सतत हलतो आणि मागची भिंतसुद्धा एन्कोडरला काम लावते. हॉलमध्ये गेन (कॅमेऱ्याची उजेड वाढवायची सेटिंग) चढवून शूट केलेलं असेल तर दाणे उकळत राहतात. लहान करताना ते हिशेबानं निम्म्याहून खाली येतात, तरी राहिलेच तर एसडी झाल्यावर हलकं डीनॉइज मार. आधी एचडीवर मारायला जाशील तर पाचपट वेळ घालवशील आणि चेहरे मेणाचे होतील. आणि ती उडणारी फुलपाखरं, चमकणाऱ्या चांदण्या, बदामांची कारंजी... गिऱ्हाइकाला आवडतात हे मला माहीत आहे. पण प्रत्येक फुलपाखरू नवरीच्या चेहऱ्याच्या वाटणीचा माल खातं.

शूटिंगच्या वेळी दोनच गोष्टी. कॅमेऱ्याच्या मेनूत पाल असू दे, शटर १/५०, म्हणजे हॉलच्या ट्यूबलाइट लुकलुकणार नाहीत. सेकंदाला ५० पूर्ण फ्रेमचं रेकॉर्डिंग मिळत असेल तर तेच कर, फील्डची पूर्ण चित्रं बनवायची वरची पायरीच वाचते. पाहुण्यांच्या मोबाइलवरच्या ३० फ्रेमच्या क्लिपा मधे घालायच्या असतील तर थोड्याच घाल. ३० च्या २५ करताना सेकंदाला पाच फ्रेम गळतात आणि कॅमेरा फिरताना झटके दिसतात, ते पूर्ण जात नाहीत.

एवढं सगळं करूनही तक्रार आली तर आधी गिऱ्हाइकाच्या टीव्हीमागची वायर बघ. निम्म्या घरांत प्लेअर अजून पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांनी जोडलेला असतो. पिवळ्या पिनेतनं रंग आणि उजेड एकाच तारेतनं येतात आणि एकमेकांत मिसळतात, लाल शालूच्या कडेला ठिपके चालताना दिसतात. प्लेअरला एचडीएमआय असेल तर ती वायर स्वतःच्या पिशवीत घेऊन जा. मी उचगावात एकदा डिस्क बदलून द्यायला गेलो होतो, वायर बदलून आलो.

डिस्कवर कागदी लेबल चिकटवू नकोस, फिरताना तोल जातो. काठापर्यंत भरू नकोस, वाचायच्या चुका बाहेरच्या कडेला जास्त होतात, आणि वरात नेमकी तिथंच असते.

सगळं एकदम बदलायला जाऊ नकोस. तुझ्याच शूटिंगमधले पाच तुकडे काढ, प्रत्येकी वीस सेकंदांचे : अक्षता, हलगीवरचा नाच, हॉलमधला सावकाश पॅन, साज घातलेल्या नवरीचा क्लोजअप, आणि नावाची पट्टी. आजच्या पद्धतीनं एकदा काढ, वर सांगितल्याप्रमाणं एकदा, दोन्ही एकाच डीव्हीडी-आरडब्ल्यूवर टाक. ती पुसून परत वापरता येते, माझ्याकडची एक इतकी वापरली आहे की तिच्यावरचं नाव गेलंय. घरातल्या सगळ्यात जुन्या टीव्हीवर लाव आणि आईला शेजारी बसव. कोणतं कुठलं ते सांगू नकोस, नुसतं विचार, कुठलं बरं दिसतंय. नाचाच्या तुकड्यात अजून थरथर दिसली तर फील्ड ऑर्डर कुठं तरी उलटी राहिली आहे, तिथनं परत सुरू कर.